फुकटात दिसणारी हॉकी : पैसे कोण भरतो, आणि ती यावलमध्ये का दिसत नाही?

यावलचे नाना

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून यावल तालुक्यात राहतो. मागचा हिवाळा मी लेकीकडे, अमेरिकेतील डॅलस शहराच्या उत्तरेला असलेल्या प्लेनो या गावात काढला. थंडीमुळे बाहेर पडणे होत नसे आणि लेक-जावई कामावरून उशिरा येत, त्यामुळे संध्याकाळी सात वाजले की नातू आणि मी टीव्हीसमोर बसत असू. तिथे ‘विक्टरी प्लस’ नावाचे एक ॲप आहे. त्यावर डॅलस स्टार्स या व्यावसायिक आइस हॉकी संघाचे बहुतेक सामने पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत दिसतात आणि त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही. मधूनमधून जाहिराती लागतात, एवढेच. पहिले आठ-दहा दिवस मला ती काळी रबरी चकती दिसतच नव्हती. शेवटी नातवाने सांगितले, “नाना, चकती शोधू नका, खेळाडूंची तोंडे कुठे वळतात ते बघा.” त्या दिवसापासून मला त्या खेळाची गोडी लागली.

आता मी घरी परतलो आहे. हिवाळ्यात डॅलसमधील संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा, म्हणजे माझ्या पहिल्या चहाची वेळ. म्हटले, नातू तिकडे बघेल, मी इकडे बघेन आणि मध्यांतरात फोनवर बोलू. परंतु मोबाइलवर सामना सुरू होण्याऐवजी तो माझ्या ठिकाणी उपलब्ध नसल्याची एक ओळ आली. शेजारच्या मुलाने ठिकाण लपवणारे व्हीपीएन टाकून देण्याची तयारी दाखवली. मात्र मागच्या दाराने आत शिरण्यापेक्षा पुढचे दार का बंद आहे, हे आधी समजून घ्यावे, असे मला वाटले.

माझ्या शंका अशा आहेत. ज्या खेळात खेळाडूंना कोट्यवधी डॉलर मिळतात, तो खेळ लोकांना फुकट दाखवणे परवडते कसे? जाहिरातीच दाखवायच्या असतील, तर जितके प्रेक्षक जास्त तितके चांगले असायला हवे; मग माझ्यासारख्याला परत का पाठवतात? आणि आपल्याकडील हॉकीच्या, निदान खानदेशात होणाऱ्या स्पर्धांच्या बाबतीत असे काही करता येईल का? माझ्या चुलतभावाचा नातू धुळ्यात हॉकी खेळतो आणि त्याचा एकही सामना आम्हाला घरबसल्या बघायला मिळालेला नाही, म्हणून विचारतो.

पुण्यातला सावदेकर

नाना, नमस्कार. माझे गाव सावदा, म्हणजे मी आपल्या शेजारचाच. पुण्यात गेली नऊ वर्षे थेट प्रक्षेपण इंटरनेटवरून प्रेक्षकांपर्यंत पोचवण्याचे काम करतो, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या शंकेचे उत्तर समजण्यासाठी हे सामने फुकट होण्यापूर्वी कुठे दिसत होते, ते बघावे लागेल. अमेरिकेत प्रत्येक मोठ्या शहराच्या परिसरासाठी स्वतंत्र प्रादेशिक क्रीडावाहिनी असे आणि तिचे पैसे केबलच्या मासिक बिलातून जात. गंमत अशी की, हॉकी बघणाऱ्या घरातूनही पैसे जात आणि जिथे कोणी चुकूनही हॉकी बघत नाही, त्या घरातूनही तेवढेच जात. न बघणाऱ्यांच्या या पैशांवरच संघांना मोठ्या रकमा मिळत होत्या. २०१९ मध्ये सिंक्लेअर या कंपनीने अशा २१ वाहिन्या सुमारे ९.६ अब्ज डॉलरना घेतल्या, त्याही प्रचंड कर्ज काढून. त्यानंतर लोकांनी केबल तोडण्याचा वेग वाढवला. हॉकीत रस नसलेले ग्राहक आधी गेले, बिलातून येणारा पैसा आटला, कर्ज तसेच राहिले आणि मार्च २०२३ मध्ये या वाहिन्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही उपकंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. डॅलस स्टार्सचे सामने याच कंपनीच्या वाहिनीवर दिसत होते.

अशा वेळी संघापुढे दोन-तीन वाटा असतात आणि वेगवेगळ्या संघांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. लास वेगासच्या संघाने २०२३ मध्ये आपले सामने साध्या अँटेनावर दिसणाऱ्या स्थानिक वाहिनीला दिले आणि ॲपवर बघणाऱ्यांसाठी मात्र वर्गणी ठेवली. डॅलसने २०२४-२५ च्या हंगामापासून वर्गणीही काढून टाकली आणि पूर्ण भिस्त जाहिरातींवर ठेवली. विक्टरी प्लस ही सेवा कॅनडातील ज्या कंपनीने उभी केली, ती आधीपासून मुलांसाठी ‘किडूडल टीव्ही’ नावाची जाहिरातींवर चालणारी मोफत सेवा चालवत होती, म्हणजे फुकट दाखवून जाहिरातीतून पैसे कसे काढायचे, याचा तिला सराव होता. कॅलिफोर्नियातील अनाहाइम डक्स हा संघही त्याच हंगामात तिथे आला. मात्र त्याच ॲपवर २०२५ मध्ये टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाचे सामने आले, तेव्हा त्यांच्यासाठी पैसे ठेवले गेले. म्हणजे ‘सगळे फुकट’ हे त्या ॲपचे ब्रीद नाही. कोणत्या खेळाचे गणित कुठे बसते, तेवढाच प्रश्न आहे.

आता आइस हॉकीचे गणित का बसते, ते बघा. आपण चार महिने सामने पाहिले आहेत, त्यामुळे हे आपल्या लक्षात आलेच असेल. वीस-वीस मिनिटांचे तीन टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यात घड्याळ १४, १० आणि ६ मिनिटांवरून खाली उतरले की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा केवळ प्रक्षेपणासाठी सुमारे दोन मिनिटांची सुट्टी दिली जाते. त्याच वेळी बर्फावरचा चुरा खरवडून काढणारी माणसे फावडी घेऊन आत येतात. नुकताच गोल झाला असेल किंवा एखादा संघ शिक्षेमुळे कमी खेळाडूंनिशी खेळत असेल, तर ही सुट्टी पुढच्या थांब्यावर ढकलली जाते. म्हणजे एका सामन्यात अशा नऊ जागा झाल्या, वर दोन मोठी मध्यांतरे. २०२५-२६ पर्यंतच्या वेळापत्रकात संघाला नियमित हंगामात ८२ सामने होते. त्यातील काही ईएसपीएन आणि टीएनटी या राष्ट्रीय वाहिन्यांकडे जातात, तरीही उरलेल्या सामन्यांतील जाहिरातींच्या जागा एकत्र धरल्या तर विकायला बराच माल हाती राहतो. शिवाय कोणता प्रेक्षक कुठे आहे, किती वेळ बसला आणि कुठे उठून गेला, हे संघाला थेट कळते. केबलच्या काळात ही माहिती वाहिनीकडेही धड नसे. हंगामाची तिकिटे विकणाऱ्या संघाला या माहितीची किंमत जाहिरातीइतकीच वाटते.

यातील तांत्रिक गोष्ट मला स्वतःला फार आवडते, म्हणून थोडे विषयांतर होत असले तरी लिहितो. मैदानावरून निघणाऱ्या प्रक्षेपणात सुट्टी सुरू झाली की एक अदृश्य खूण घातली जाते. ती खूण पोचताच सर्व्हर प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळी जाहिरात निवडतो आणि चालू चित्रातच ती शिवून देतो. त्यामुळे प्लेनोमध्ये आपल्याला दुकानाची जाहिरात दिसते, त्याच क्षणी चाळीस मैलांवरच्या माणसाला गाडीची दिसते आणि दोघेही परत एकाच क्षणाला खेळात येतात. जागा विकली गेली नसेल तर ‘थोड्याच वेळात परत येत आहोत’ अशा अर्थाची पाटी लागते. ती पाटी जितकी कमी दिसेल तितका तो धंदा बरा चालला आहे, असे खुशाल समजावे.

यावलचे नाना

सावदेकर, आपण इतके नेमके सांगितले की, बसल्या जागी वर्ग भरल्यासारखे वाटले. ती पाटी मला चांगली आठवते. निळसर पडद्यावर संघाचे चिन्ह आणि मागे तेच ते संगीत. नातू त्या वेळेत स्वयंपाकघरात जाऊन चिवडा घेऊन येत असे आणि चिवडा संपायच्या आत पाटी जात असे.

मात्र माझी दुसरी शंका अधिकच घट्ट झाली आहे. प्रत्येक प्रेक्षकाला वेगळी जाहिरात दाखवता येते, असे आपणच म्हणता. मग मला जळगावच्या सराफाची किंवा केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची जाहिरात दाखवावी की! मी आनंदाने बघेन. दार बंद ठेवून त्यांचा कोणता फायदा होतो?

पुण्यातला सावदेकर

नाना, दार संघाने बंद केलेले नाही, कारण त्या दाराची किल्ली त्याच्याकडे नाहीच. नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाच्या ताब्यात फक्त आपल्या परिसरातील प्रक्षेपणाचे हक्क असतात. डॅलसच्या बाबतीत हा परिसर म्हणजे टेक्सास आणि लगतच्या राज्यांमधील प्रदेश. देशभरातील आणि परदेशातील हक्क लीग स्वतःकडे ठेवते व ते वेगळे विकते. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या डॅलसच्या चाहत्यालाही हे सामने फुकट मिळत नाहीत. त्याला लीगने ज्यांना देशभराचे हक्क विकले आहेत, त्यांची वर्गणी भरावी लागते. आपण यावलमधून ॲप उघडता, तेव्हा ते आपल्या जोडणीवरून ठिकाण ओळखते आणि तिथेच थांबते. व्हीपीएन घातले तर कदाचित चित्र दिसेलही, पण संघाने जे विकत घेतलेले नाही, ते आपण त्याच्या नावावर उचलल्यासारखे होईल. आपण त्या वाटेला गेला नाहीत, ते योग्यच झाले.

दुसरे असे की, हे कुंपण आहे म्हणूनच आतला माल खपतो. प्लेनोच्या गाडीविक्रेत्याला प्लेनोचा प्रेक्षक हवा असतो. यावलचा प्रेक्षक कितीही रसिक असला, तरी तो त्याच्या दुकानात येणार नाही. जळगावच्या सराफाची जाहिरात तिथे लावणे तंत्राने शक्य आहे, पण त्यासाठी जळगावात ती विकणारा माणूस हवा. खानदेशातील प्रेक्षक किती, हा हिशेब मांडल्यावर नाना एकटेच निघाले, तर त्या माणसाचा चहासुद्धा त्यातून सुटणार नाही.

अमळनेरचा केबलवाला

नाना, राम राम. मी १९९८ पासून अमळनेरमध्ये केबलचा व्यवसाय करतो. सावदेकरांनी जे लिहिले, त्यातील केबल तुटण्याचा भाग वाचताना अमेरिकेची गोष्ट वाचतो आहे, असे मला वाटलेच नाही.

आपल्याकडे १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची नवी दरपद्धत लागू झाली. १३० रुपये मूळ शुल्क, त्यावर १८ टक्के कर मिळून साधारण १५३ रुपये, आणि पुढे प्रत्येक सशुल्क वाहिनी ग्राहकाने स्वतः निवडायची, असा तो नियम होता. तोपर्यंत आमच्या गावातील विधवा आजीसुद्धा नकळत क्रीडावाहिन्यांचे पैसे भरत होती. मी घरोघरी फॉर्म घेऊन फिरलो, तेव्हा लोकांनी सर्वांत आधी ज्या वाहिन्यांवर काट मारली, त्या खेळाच्या होत्या, कारण पुडक्यात, म्हणजे अनेक वाहिन्यांच्या एकत्रित संचात, बसणाऱ्या वाहिनीची कमाल किंमत १९ रुपये होती आणि खेळाच्या बऱ्याच वाहिन्या त्याच किमतीला जाऊन टेकल्या होत्या. “क्रिकेट आले की लावू,” असे म्हणत. तसे ते लावतही. हॉकी आली म्हणून वाहिनी लावून द्या, असा फोन मला इतक्या वर्षांत एकदाही आलेला नाही. हे सांगताना आनंद होत नाही, पण आहे ते असे आहे.

फुकटाबद्दलही मला दोन शब्द बोलायचे आहेत. फुकट प्रक्षेपण ही काही अमेरिकेने काढलेली नवी गोष्ट नव्हे. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस सुरू केले, तेच आजचे डीडी फ्री डिश. एकदा छत्री आणि डबा विकत घेतला की महिन्याचे काही नाही, चालते सारे जाहिरातींवर आणि वाहिन्यांनी जागेसाठी दिलेल्या पैशांवर. तापीकाठच्या वस्त्यांमध्ये जिथे माझी तार पोचली नाही, तिथे ती छत्री पोचली. शिवाय २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे चित्र खासगी वाहिनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावेच लागते, आणि त्यातून मिळणाऱ्या जाहिरातीच्या उत्पन्नापैकी ७५ टक्के हक्कदाराला व २५ टक्के प्रसार भारतीला, अशी टीव्हीसाठी वाटणी आहे. मात्र २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचे, खासगी केबलवर नाही. तेव्हापासून मोठा सामना असला की माझ्या ग्राहकाच्या पडद्यावर दूरदर्शनच्या जागी सूचनेची पाटी येते आणि ग्राहक मला फोन करून विचारतो, “भाऊ, तुम्ही बंद केले का?” नाना, आपल्या मोबाइलवर आलेली ओळ आणि माझ्या ग्राहकाच्या पडद्यावरची पाटी या एकाच कुळातल्या आहेत.

आणि फुकट किती दिवस फुकट राहील, तेही बघावे. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर सर्वांना फुकट होती. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे हप्ता मागायला जाण्याची सोय राहिली नव्हती. २०२५ मध्ये जिओहॉटस्टारवर तीच स्पर्धा पूर्ण बघायची तर वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज लागू लागले. डॅलसवाले तसे करतील असे मी म्हणत नाही. पण सवय लावणे आणि मग किंमत लावणे, ही चाल आमच्या धंद्यात जुनी आहे. पहिले दोन महिने जोडणी मोफत देणारा मीसुद्धा होतो.

धुळ्याची हॉकीताई

नाना, आपल्या चुलतभावाचा नातू बहुधा आमच्याच मैदानावर येत असावा, कारण इथे हॉकी शिकणारी मुले मोजकीच आहेत. मी बारा वर्षे मुलींना आणि मुलांना शिकवते. आपल्या तिसऱ्या शंकेबद्दल मला लिहायचे आहे.

प्रथम व्यावसायिक हॉकीबद्दल. २०२४-२५ मध्ये हॉकी इंडिया लीग सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली, पुरुषांचे आठ संघ आणि पहिल्यांदाच महिलांचे चार संघ घेऊन. तिचे सामने दूरदर्शनच्या क्रीडावाहिनीवर आणि प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘वेव्हज’ या ॲपवर दाखवले गेले. म्हणजे ज्याला हवे त्याला फुकट हॉकी मिळत होतीच. २६ जानेवारीला ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला २-१ ने हरवून महिलांची पहिली लीग जिंकली, तो सामना मी आमच्या अकरा मुलींना एका मोबाइलवर दाखवला. मोबाइल पाण्याच्या जारला टेकवून ठेवला होता आणि मागच्या मुली पुढच्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघत होत्या. पेनल्टी कॉर्नर (नियमभंगामुळे मिळणारी गोलची संधी) आला की जारला हात लावायचा नाही, असा नियम त्यांनीच केला.

तरीही एक गोष्ट खटकली. मुलींनी विचारले, “ताई, आपला संघ कोणता?” त्या आठांत आणि चारांत महाराष्ट्राचा संघ नव्हता. २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स होते. आधीच्या हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्स आणि नंतर दबंग मुंबई होते, आणि २०१७ चा अंतिम सामना दबंग मुंबई खेळली होती, कलिंगा लान्सर्सकडून ४-१ ने हरली तरी. डॅलसच्या माणसाला डॅलसचा संघ असतो, म्हणून डॅलसचा दुकानदार जाहिरात देतो. आम्हाला संघच नसेल तर इथला दुकानदार कोणाच्या नावावर पैसे काढेल?

सावदेकरांनी आइस हॉकीतील नऊ सुट्ट्यांचे सांगितले, त्यावर आणखी एक भर घालते. आपल्या हॉकीत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, पहिल्या आणि तिसऱ्या भागानंतर दोन मिनिटांची उसंत, मध्ये एक मध्यांतर. बाकी खेळ वाहता असतो. पेनल्टी कॉर्नर मिळाला की घड्याळ चाळीस सेकंद थांबते, पण त्या चाळीस सेकंदांत जाहिरात लावणे म्हणजे सिनेमाचा शेवट कापण्यासारखे आहे: बचाव करणाऱ्या पाच जणी मुखवटे चढवत असतात, चेंडू कोण ढकलणार आणि ड्रॅगफ्लिक (चेंडू काठीने ओढत नेऊन मारलेला फटका) कोण मारणार, याच्या खुणा चालू असतात. तेच बघायला तर माणूस बसलेला असतो. जाहिरातीवर चालणाऱ्या प्रक्षेपणासाठी हा खेळ मुळात अवघड आहे, आणि खेळ म्हणून तो त्यामुळेच सुंदर आहे, असे माझे मत.

आता खानदेशातील स्पर्धांबद्दल. आम्ही गेल्या वर्षी प्रयत्न केला होता. सात जणांच्या संघांची दोन दिवसांची स्पर्धा होती. मातीचे मैदान, तिपाईवर एक मोबाइल, आणि समालोचनाला आमच्याच एका माजी खेळाडूचा आवाज. शेवभाजीच्या एका हॉटेलवाल्याने, ठिबकच्या एका विक्रेत्याने आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या एका काकांनी मिळून साडेतीन हजार रुपये दिले. त्यांच्या पाट्या आम्ही मध्यांतरात मोबाइलसमोर हाताने धरल्या. सावदेकरांची अदृश्य खूण आमच्याकडे नव्हती, पण पाटी धरणारी मुलगी होती. पहिल्या दिवशी सर्व ठीक झाले. दुसऱ्या दिवशी, अंतिम सामन्याच्या दुसऱ्या भागात, प्रक्षेपण अचानक बंद पडले. कारण हास्यास्पद होते. मैदानावरच्या लाउडस्पीकरवाल्याने उसंतीच्या वेळी लोकप्रिय गाणी लावली होती, ती आमच्या प्रक्षेपणात गेली आणि ज्या मंचावरून आम्ही ते दाखवत होतो, त्याच्या यंत्रणेने कॉपीराइटचा भंग धरून ते थांबवले. शेवटचा गोल मैदानाबाहेर कोणीही पाहिला नाही. ट्रॅक्टरवाले काका आजही भेटले की विचारतात, “ताई, माझी पाटी दुसऱ्या दिवशी दिसली का?” आणि मी विषय बदलते.

पुण्यातला सावदेकर

ताई, गाण्याचा हा घोळ मोठमोठ्या प्रक्षेपणांतही होतो. मैदानाच्या लाउडस्पीकरचा आवाज त्यांच्या मिश्रणात वेगळ्या तारेवर येतो आणि गाणे लागले की तो खाली करायला एक माणूसच नेमलेला असतो. आपल्यासाठी उपाय सोपा आहे. समालोचकाला कॉलरचा माइक द्यावा, मोबाइलचा स्वतःचा माइक बंद ठेवावा आणि लाउडस्पीकरवाल्याला फक्त ढोल-ताशा किंवा टाळ्या वाजवायला सांगावे, तेही ध्वनिमुद्रित नकोत, प्रत्यक्ष वाजवलेले.

मंचाच्या जाहिरातींवर विसंबू नये, हेही सांगतो. यूट्यूबच्या चित्रफितींवरील जाहिरातीचे पैसे मिळायचे तर एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे दर्शन लागते. दोन दिवसांच्या स्पर्धेला दोनशे माणसांनी सरासरी अर्धा तास पाहिले, तर शंभर तास होतात. त्यापेक्षा आपले हॉटेलवाले, ठिबकवाले आणि ट्रॅक्टरवाले काका यांनी हातात दिलेले साडेतीन हजार अधिक खरे आहेत. डॅलसने मोठ्या प्रमाणावर जे केले, ते तुम्ही लहान प्रमाणावर बरोबर ओळखले होते: स्थानिक खेळ, स्थानिक प्रेक्षक, स्थानिक दुकानदार, आणि मधला कोणी नाही.

बघणाऱ्याचा डेटाही विचारात घ्यावा. चांगल्या दर्जाचे चित्र सेकंदाला तीन मेगाबिटने पाठवले तर तासाला साधारण १.३५ जीबी खर्च होतो. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या माणसाचा दिवस एका तासात उरकतो. तेच एक मेगाबिटवर ठेवले तर तासाला ४५० एमबी लागतात. चेंडू थोडा धूसर दिसतो, पण चुलतभावाचा नातू ओळखू येतो आणि नानांना तेवढे पुरे आहे.

अमळनेरचा केबलवाला

डेटाचा विषय निघालाच आहे, तर माझ्याकडून एक प्रस्ताव देतो. माझ्या जाळ्यावर एक स्थानिक वाहिनी आहे. दिवसभर तिच्यावर बाजारभाव, निधनवार्ता आणि गावातील मंगल कार्यालयांच्या जाहिराती चालतात. नियमाप्रमाणे नोंद केलेली वाहिनी आहे. धुळ्यातील सामन्याचे चित्र मला इंटरनेटवरून मिळाले, तर ते मी अमळनेरच्या घरांत तारेवरून दाखवू शकतो. बघणाऱ्याचा एक एमबी जाणार नाही. यावलच्या माझ्या एका व्यवसायबंधूशीही बोललो आहे, त्याची तयारी आहे. उशीर मात्र होईल: इंटरनेटवरचे चित्र मैदानाच्या पंचवीस-तीस सेकंद मागे असते, त्यामुळे मैदानावरून कोणी नानांना फोन करून गोल झाल्याचे सांगू नये.

पाट्यांबद्दल एकच अट आहे. मंगल कार्यालयवाल्यांनी पूर्ण वर्षाचे पैसे दिलेले आहेत, त्यामुळे एका मध्यांतरात त्यांची जाहिरात लावावी लागेल. उरलेल्या दोन उसंती ताईंच्या. पहिल्या उसंतीत ट्रॅक्टरवाल्या काकांची पाटी दोनदा दाखवू, मागच्या वर्षीची भरपाई म्हणून.

यावलचे नाना

केबलवाले भाऊ, मंगल कार्यालय चालेल. नातवाला मी आजच सांगून ठेवतो की, तिकडची हॉकी मला दिसत नसली तरी इकडची हॉकी त्याला दिसेल. ताईंच्या प्रक्षेपणाला कुंपण नसावे, असे मी गृहीत धरतो. त्याच्याकडे रात्र असेल, पण शनिवारची असेल तर त्याची आई जागू देईल.

धुळ्याची हॉकीताई

कुंपण नाही, नाना. स्पर्धा पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी आहे, पहिला सामना सकाळी आठ वाजता. सावदेकर, कॉलरचा माइक मोबाइलला जोडायला कोणती तार लागते, तेवढे कृपया लिहावे. आमच्या मोबाइलला गोल छिद्र नाही, फक्त चार्जिंगचे चपटे छिद्र आहे.

पुण्यातला सावदेकर

टाइप-सी ते ऑडिओ असा जोड घ्यावा, पण आत चिप असलेला घ्यावा. साधा स्वस्त जोड काही मोबाइलवर माइक ओळखत नाही. घेतल्यावर दुकानातच ध्वनिमुद्रण करून ऐकून बघावे. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी लाउडस्पीकरवाल्याचा पेन ड्राइव्ह काढून ताईंच्या ताब्यात ठेवावा.